तेजोमेघाची ओटी

सर्व नातेवाईक, शेजारीपाजारी, माहेरवाशिणी आणि या विश्वातले इतर सर्व रहिवासी यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, अंतराळाच्या आजवरच्या इतिहासात फक्त एकाच तेजोमेघाची ओटी भरली गेली आहे आणि ती औरंगाबादेत, पुंडलिकनगरात, आमच्या समोरच्या खोलीत भरली गेली. माणूस चंद्रावर उतरला, मंगळावर त्यानं गाड्या फिरवल्या, सूर्यमालेच्या वेशीबाहेर यानं धाडली, त्या सगळ्याची कुठं ना कुठं नोंद आहे. या घटनेची मात्र कुणीच दखल घेतलेली नाही. म्हणून प्रत्यक्ष साक्षीदार आणि अंशतः आरोपी या नात्यानं ते काम मी आज उरकून टाकते. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, मी पन्नाशी ओलांडलीय, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. तेजोमेघ मात्र आहे तिथंच आहे.

तेव्हाचं पुंडलिकनगर म्हणजे अर्धी घरं आणि अर्धे मोकळे प्लॉट. मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत आणि कुणाच्यातरी म्हशी, घरांवर काळ्या टाक्या. नळाला पाणी यायचं त्या दिवशी सगळ्या गल्लीतल्या मोटारी एकदम घरघरायला लागायच्या. त्या आवाजात बायका कुंपणावरून एकमेकींशी इतक्या खासगी गोष्टी ओरडून बोलायच्या, की पाणी जाऊन मोटारी अचानक थांबल्या की शेवटचं अर्धं वाक्य साऱ्या गल्लीला फुकट मिळायचं. आमचं घर तीन खोल्यांचं. वर गच्ची, आणि पुढं कधीतरी मजला चढवायचा म्हणून अण्णांनी सोडून ठेवलेल्या गंजक्या सळया. अण्णा, म्हणजे माझे वडील गोविंदराव, सिंचन खात्यात कारकून होते. कशावरही मत विचारलं की ते आधी चष्मा काढून पुसत. तो पुसून होईपर्यंत आईनं निर्णय घेतलेला असे, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला की अण्णा त्या निर्णयाला मान डोलावत. माझा धाकटा भाऊ माधव नववीत होता आणि दिसेल ते खात होता.

पण हा झाला रोजचा कारभार. औरंगाबादेत हायकोर्टाचं खंडपीठ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घराचं खंडपीठ मात्र करमाडला होतं. तिथं आत्या राहायची, अण्णांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा आत्यानंच अण्णांना आपल्या सासरी करमाडला नेऊन वाढवलं, शिकवलं, चोळूनमोळून अंघोळी घातल्या. त्यामुळं अण्णा पन्नाशीला आले तरी तिच्यासमोर त्यांचे कान आपोआप स्वच्छ धुतलेले असत. आत्या उंच, सावळी, आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावरचा बैल वळावा. करमाडातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. दवाखाना होता, डॉक्टर होते, पण बाळंतीण आधी आत्याला बोलवा म्हणायची. कसल्याही बाबतीत नाही म्हणायला आत्याकडं एकच वाक्य होतं: "तिथं जवळ आपलं माणूस नाय." अण्णांची बढतीवर नांदेडला बदली होत होती, ती या वाक्यानं अडली. माधवची शाळेची सहल महाबळेश्वरला चालली होती, ती या वाक्यावर फुटली. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात झोपले तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत आपलं माणूस नाय म्हणून ती दारातच बसकण मारून बसली, आणि डॉक्टरांना तिला ओलांडून आत जावं लागलं.

आता माझा गुन्हा सांगते. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि पुण्याला एम.एस्सी.ला माझं नाव लागलं होतं. तिथं ताऱ्यांचा अभ्यास शिकवायचे. गणपती उठेपर्यंत जाऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आईची तयारी होती. अण्णांचा चष्मा पुसून झाला होता. पण करमाडहून निरोप आला: "पुण्यात जवळ आपलं माणूस नाय." वर जोडीला जालन्याचं एक स्थळ. मुलाचं पाइपांचं दुकान होतं, आणि मुलाला म्हणे आकाशाची फार आवड होती. चौकशी केल्यावर कळलं, तो पतंग उडवायचा.

मला हे वेड लागलं ते पैठण गेटजवळच्या एका जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्यात. फुटपाथवर बसणाऱ्या त्या माणसाकडं परदेशी मासिकांचे गठ्ठे यायचे. एकदा वरचं मासिक उचललं आणि मधलं पान उघडलं तर समोर मृग नक्षत्रातला तेजोमेघ. आकाशात सोडलेल्या मोठ्या दुर्बिणीनं काढलेला फोटो. मी फुटपाथवरच मांडी घालून बसले. कसं सांगू ते काय होतं! कलिंगड फोडल्यावरचा गुलाबी, त्यात कुणीतरी हळद फुंकून दिलेली, कडेला जांभळाच्या डागासारखा निळा-जांभळा, आणि मधोमध नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचे चार लखलखीत दाणे. धूळ आणि वायू, एवढंच साहित्य. त्यातून तारे जन्मतात. आणि तो उजेड तिथून निघाला तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायला घ्यायचं अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी ते मासिक घरी आणलं आणि दुर्बिणीची कथा जेवताना सगळ्यांना सांगितली: ती वर सोडल्यावर कळलं की तिला धूसर दिसतंय, मग माणसं यानात बसून वर गेली आणि पोकळीत लोंबकळत तिला जणू चष्मा बसवून आली. अण्णांनी घास खाली ठेवला, स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि खोल आवाजात म्हणाले, "नंबर काय निघाला?" अंतराळ-संशोधनाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

तर आत्या येणार होती महालक्ष्म्यांना. आमच्या मराठवाड्यात दिवाळी मागं आणि महालक्ष्म्या पुढं. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा घरी येतात, तीन दिवस माहेरपण करतात आणि जातात. पत्र्याच्या उभ्या कोठ्यांना साड्या नेसवायच्या, वर पितळी मुखवटे, मध्ये त्यांची दोन बाळं. मागं आरास. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका घरोघर हळदी-कुंकवाला हिंडतात, तोंडानं "किती छान, किती छान" म्हणतात आणि डोळ्यांनी आरास मोजतात. आमच्या गल्लीत आराशीचं अजिंक्यपद पाटोदेकर काकूंकडं होतं. त्यांचे यजमान फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळं त्यांची आरास म्हणजे मोहीमच असायची. आदल्या वर्षी त्यांनी कूलरची मोटर लावून लक्ष्म्यांच्या मागं खराखुरा धबधबा पाडला होता. आई तो बघून आली आणि रात्री भाकरी थापताना परात जरा जास्तच वाजली.

"आई," मी म्हटलं, "यंदा आरास माझ्याकडं दे. मी मृगातला तेजोमेघ करते."

"त्यानं काय होईल?"

"पाटोदेकर काकूंचा धबधबा बंद पडेल."

आईनं आरास तिथल्या तिथं माझ्या हवाली केली. माझा खरा बेत अर्थातच वेगळा होता. आत्या तीन दिवस त्या खोलीत बसणार, सुपारी कातरत. तिच्यासमोर तेजोमेघ ठेवायचा. मी ज्याच्यासाठी पुण्याला जायचं म्हणते ते एकदा डोळ्यांनी बघू दे, मग बघू काय म्हणते.

पहिली अडचण काळ्या रंगाची. आकाश काळं हवं. आणि लक्ष्म्यांच्या मागं काळं कापड म्हटल्यावर आईनं दोन्ही कानांना हात लावले. "सणासुदीचं काळं? तुझ्या डोक्यावर ते तारे पडलेत का गं?" मी रुसून बसले, आई तणतणत कामाला लागली आणि दुपारी अचानक कपाटातून एक घडी घेऊन आली. तिची चंद्रकळा. संक्रांतीला नेसायची काळी साडी, तिच्या आईनं दिलेली, अंगभर बारीक पांढरी खडी. "हे काळं चालतं," आई म्हणाली. "हे सवाष्णीचं काळं आहे." ती साडी भिंतीवर ताणून लावली आणि मी चार पावलं मागं सरकून बघितलं. नुसतं आकाश नाही, ताऱ्यांसकट आकाश! मला एकही टिकली चिकटवावी लागली नाही.

मग कापूस. छावणीत शमीमखालांचं गाद्यांचं दुकान होतं. आमच्या घरातली प्रत्येक गादी त्यांच्या हातची. त्यांचे मियाँ आतल्या बाजूला धुनकीवर कापूस पिंजत बसायचे आणि तिचा तो टँव-टँव आवाज साऱ्या गल्लीला तालावर ठेवायचा. मी जाऊन म्हटलं, खाला, दोन गाद्यांचा कापूस पाहिजे, अगदी हवेसारखा पिंजलेला.

"किसकी शादी है गे?" खालांनी विचारलं.

"शादी नाही खाला. तेजोमेघ करायचाय. आकाशात फार लांब धुळीचा ढग असतो..."

"हौ, तो बादल बोल ना! इत्ता लंबा कायकू बोलती?" आणि आतल्या बाजूला वळून ओरडल्या, "अजी सुनते क्या? बादल पिंजना है! गादी का हाथ नक्को लगाओ!"

त्यांनी पैसे घेतले नाहीत, सण झाला की कापूस परत आणून द्यायचा एवढं बजावलं. वर एक सूचना दिली: कापूस दाबायचा नाही, त्याला श्वास घेऊ द्यायचा. मी आजवर तेजोमेघांवर बरंच वाचलं आहे. इतकी नेमकी सूचना कुठं मिळाली नाही.

भिंतीवर खिळे, खिळ्यांना शिवणाचा दोरा, दोऱ्यांवर तो कापूस. चहाच्या गाळणीतून त्यावर गुलाल चाळला, कडेला कपड्यांची नीळ, कुठं हळदीचा हलका हात. मागं माधवनं लाइटची माळ सोडली. आईनं कापूस आणि समई एका खोलीत म्हणून तेजोमेघाच्या शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि त्यावर तांब्या ठेवला. तो तांब्या फोटोत नव्हता. लक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगतात, म्हणजे करंज्या, लाडू, साटोऱ्या, असं तळलेलं सगळं दोऱ्यानं बांधून. मी त्याची सूर्यमाला केली. बेसनाचा मोठा लाडू गुरू, साटोरी शनी, रव्याचा लाडू शुक्र. पहिल्या दिवशी लक्ष्म्या सोनपावलांनी आत आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गुरू नाहीसा. माधवच्या मिशा फुटू घातलेल्या ओठावर बेसन होतं. एवढा मोठा ग्रह, इतक्या चंद्रांसकट, आमच्या माधवच्या पोटात गेला!

आत्या आदल्या दिवशीच एसटीनं उतरली होती. एका पिशवीत मक्याची कणसं, दुसरीत मुगाच्या शेंगा आणि कारळाची चटणी, कमरेला अडकित्ता. दारातूनच तिनं माझ्या तेजोमेघाकडं एक नजर टाकली आणि आईला म्हणाली, "सुमन, गाद्या उसवल्या व्हय? सणाच्या तोंडावर?" आणि आत जाऊन पाणी पिऊन, अण्णांना समोर बसवून जाहीर केलं की जालन्याचे पाहुणे रविवारी येतील.

महापूजेच्या दिवशी घरात पहाटेपासून पुरणाचा वास. सोळा भाज्या, त्यात पडवळ आणि भोपळा हवाच, कटाची आमटी, ज्वारीची आंबील. आंबीलीच्या ताकाचा आंबट वास आणि पुरणाचा गोड वास दारात एकमेकांना धडकायचे. आजही बाहेरगावी कुठं आंबट ताक शिजल्याचा वास आला की मला एकदम महालक्ष्म्या उभ्या राहिलेल्या दिसतात. नैवेद्य झाला, आरती झाली, माणसं जेवून आडवी झाली, आणि संध्याकाळी बायका आल्या. अत्तर, मोगरा, नव्या साड्यांची सळसळ. पाटोदेकर काकू सगळ्यांत पुढं. त्यांची नजर लक्ष्म्यांवरून, बाळांवरून, फुलोऱ्यातल्या रिकाम्या दोऱ्यावरून फिरत मागच्या भिंतीवर आली आणि थांबली.

"अय्या, हे काय गं वैजू? लोकर?"

माझं भाषण तयार होतं. पंधरा दिवस आरशासमोर घोटलेलं. मी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हटलं, "काकू, हा मृग नक्षत्रातला तेजोमेघ. इथं तारे जन्माला येतात."

कोपऱ्यात अडकित्ता वाजायचा थांबला.

"काय येतेत?" आत्यानं विचारलं.

"तारे."

"जल्माला? ह्याच्यात?"

"हो आत्या. ह्याच्या पोटात."

आत्यानं अडकित्ता खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तेजोमेघासमोर जाऊन, डॉक्टर पेशंटकडं बघतो तशी, डोकं तिरकं करून बघायला लागली. "म्हंजी ही पोटुशी हाय म्हण की."

मी तोंड उघडलं. तेजोमेघाला ही म्हणायचं नाही, तो तो आहे, असं काहीतरी सांगणार होते. पण तोवर फार उशीर झाला होता. खोलीतल्या सगळ्या बायकांचे चेहरे बदलले होते. क्षणापूर्वी आरास बघायला आलेल्या बायका आता कुणालातरी भेटायला आल्यासारख्या झाल्या.

"कितवा?" आत्यानं विचारलं.

"आत्या, तसं नसतं. एक तारा व्हायला लाखो वर्षं लागतात."

"लाखो वर्सं!" खोलीभर एक सुस्कारा फिरला. पाटोदेकर काकूंचा हात नकळत स्वतःच्या कमरेवर गेला. "मला तर नवव्या महिन्यातच नको झालं होतं."

"अन् कितीक हायेत पोटात?"

"हजारो," मी म्हटलं. विज्ञानाशी खोटं कसं बोलायचं?

काकूंना स्वतःला जुळं झालं होतं. त्या मटकन सतरंजीवर बसल्या.

"तरास हाय का काही तिला?" आत्याचा तपास चालूच.

आता इथं मला थांबता आलं असतं. पण मला मजा यायला लागली होती, आणि शिवाय सगळं खरंच होतं. मी म्हटलं, "आहे ना. आतले मोठे तारे जोराचा वारा सोडतात. त्यानं तिला आतून पोकळ्या पडतात."

"वाराच धरलाय," आत्या बाकीच्यांकडं वळून म्हणाली, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. "सुमन! खण आण. नारळ आण. आन् तांदूळ."

"वन्सं, अहो, ती आरास आहे!" आई म्हणाली.

"मंग? आपल्या घरात पोटुशी आली अन् तिला तशीच लावून देती व्हय? लक्ष्म्या काय म्हणतील?"

लक्ष्म्या पितळी चेहऱ्यानं समोर बघत होत्या; त्यांच्या बाळांसकट. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं, आणि आई हसू दाबत आत गेली ती खण-नारळ घेऊनच बाहेर आली. आत्यानं तेजोमेघाला हळद लावली, कुंकू लावलं. ओंजळीनं तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी, वर खण, आणि शेवटी नारळ अलगद कापसाच्या मध्यभागी ठेवला. दोरे करकरले. तेजोमेघाचं पोट चांगलं हातभर खाली आलं.

"बघा," आत्या म्हणाली, "उतरलं पोट. दिस भरत आले."

मग काय, रांगच लागली. एकेक बाई पुढं येऊन हळद-कुंकू वाहायला लागली. कुणी कानशिलावर बोटं मोडली, कुणी "नीट सुटका होऊ दे गं बाई" म्हणाली. माझी पंधरा दिवसांची मेहनत, तो मोजून चाळलेला गुलाल, ती कडेची नीळ, सगळ्यावर चिमटी-चिमटीनं कुंकवाचा पाऊस. मी रडायच्या बेतात होते. आणि तेवढ्यात लाइट गेली. माधवची माळ विझली. राहिल्या फक्त समया. त्या पिवळ्या हलत्या उजेडात वर बघितलं आणि मी रडायचंच विसरले. दोऱ्यांनी ताणलेला कापूस आता मधून फुगला होता, कडांना विरत होता. कुंकू कुठं दाट, कुठं भुरभुरतं. हळदीचा धूर त्यातून वर चढतोय. आणि मागं चंद्रकळेची खडी लुकलुकतेय. पैठण गेटच्या फुटपाथवर जे उघडलं होतं ते पान आता भिंतीएवढं समोर होतं. मी केलं होतं तेव्हा ते त्या फोटोसारखं अजिबात दिसत नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी धूळ टाकल्यावर दिसायला लागलं. दारात शमीमखाला आपला कापूस बघायला आल्या होत्या. त्या चौकटीला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मेरी रुई माँ बन्रई, देखो तो."

पुढं आत्या असेपर्यंत, भेटली की तिचा पहिला प्रश्न "सुटली का गं ती?" हाच असायचा. आता आणखी मोठी दुर्बीण वर गेलीय, तिच्या आरशांना सोन्याचा मुलामा दिलाय, आणि तिनं त्याच तेजोमेघाच्या आत डोकावून झोपलेली बाळं शोधून काढलीत. ते फोटो आले तेव्हा मला पहिली आठवण आत्याची झाली. तिनं आधी बाळं किती विचारलं असतं आणि मग सोनं किती.

पण त्या संध्याकाळी खंडपीठच बसलं. बायका गेल्यावर आत्यानं पान जमवलं, माझ्याकडं रोखून बघितलं आणि म्हणाली, "वैजे, खरं सांग. ही खरंच हाय का तुह्या डोक्यातून काढली?"

"खरंच आहे आत्या."

"मंग दाव. आभाळात दाव. दावलीस तर पुण्याचं बघू. अन् कापूसच निघाला तर रविवारी गुमान पाहुण्यांपुढं चहा घेऊन यायचं."

अण्णांनी चष्मा काढला. मला एक गोष्ट माहीत होती जी खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती: डोळ्यांना तेजोमेघाचे रंग दिसत नाहीत. ती करामत कॅमेऱ्याची, तासन् तास उजेड साठवून केलेली. आपल्याला दिसतो तो राखाडी ठिपका, काचेवर कुणी श्वास सोडावा तसा. आणि तोही दुर्बिणीतून. दुर्बीण सबंध गल्लीत एकच होती, पाटोदेकर काकांची, फौजेतली. आई ती मागायला गेली. धबधब्याच्या मालकिणीकडं. काकूंनी ती दिली, पण एका अटीवर: "मी पण येणार. ओटी मी पण भरलीय."

आत्या तशीही पहाटे चारला उठायची. आम्ही सगळे गच्चीवर गेलो, सळया चुकवत. पाऊस दोन दिवस उघडला होता, चंद्र केव्हाच मावळला होता, लाइट अजून आली नव्हती. जालना रोडवरून एखादा ट्रक जायचा तेवढाच आवाज. मी हात वर करून म्हटलं, "आत्या, तो बघ, तिकडं..."

"मृग मला दावती व्हय?" आत्या फणकारली. "त्याच्या वक्ताला जल्मभर पेरण्या केल्या. त्ये चार पाय. त्यो पोटात घुसलेला बाण. अन् मागून त्यो व्याध येतोय, शिकारी."

"हो. आता बाणाच्या खाली बघ. पोटाखाली."

मी दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. फौजेतली ती दुर्बीण जड होती, म्हणून काकूंनी खालून आत्याचं कोपर धरलं. सगळं पुंडलिकनगर, करमाड, जालना आणि पुणं त्या दोन काचांमध्ये जाऊन बसलं होतं. आत्यानं दुर्बीण इकडून तिकडं फिरवली आणि एका जागी थांबवली.

"एक धुरकट ठिपका हाय," ती शेवटी म्हणाली.

"तोच आत्या."

"अन् रंग कुठाय?"

कॅमेऱ्याचं, साठवलेल्या उजेडाचं सगळं सांगायला मी शब्द जुळवायला लागले. आईनं माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात आत्याच स्वतःशी पुटपुटली, "पहाटं चारला कुठल्या बाळंतिणीच्या तोंडावर रंग असतोय म्हणा." आणि पुन्हा दुर्बिणीत घुसली. "पोटाखाली हाय म्हंजी ही हरणीच की. आमी आपलं जल्मभर हरीण हरीण करत बसलो." मग तिनं दुर्बीण जरा खाली नेली, व्याधाकडं, परत वर, ठिपक्याकडं, पुन्हा व्याधाकडं. तिचा श्वास मोठा झाला.

"लांब हाय का लई?"

"फार लांब आत्या. उजेडालासुद्धा इथं यायला हजारावर वर्षं लागतात."

"तिथं कोण असतंय?"

"कुणीच नाही."

आत्यानं दुर्बीण खाली घेतली. अंधारातही तिचे डोळे ओले झालेले दिसले. तिनं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग तिचा तो बैल वळवणारा आवाज असा सुटला की गल्लीतली कुत्री उठली आणि दोन घरांत कंदील लागले:

"आगं बया! पोटुशी बाई, मागं शिकारी लागलेला, अन् एवढ्या लांब जवळ आपलं माणूस नाय! अरे गोविंदा, चष्मा काय पुसत बसलास, पोरीची बॅग भर!"